तलंगा येण्याआधी खुराडं असं तयार ठेवा

तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्या, आणायचा दिवस ठरवण्याआधी खुराडं पूर्ण झालेलं हवं. पक्षी आत असताना ठोकाठोकी नि रंगकाम केलं तर त्या बुजतात, खाणं कमी करतात आणि पहिली अंडी लांबतात.

आत दर कोंबडीला 4 चौरस फूट, बाहेर फिरायला 8 ते 10. याहून दाटी झाली की एकमेकींची पिसं उपटायला लागतात.

खरा खर्च जाळीवर करा. षटकोनी घरांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो. अर्धा इंची घरांची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली ताठ जाळीच लावा. ती खालून 1 फूट बाहेर आडवी वळवून मातीखाली दाबा. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं आणि तिथे त्याला जाळी आडवी येते.

हवेसाठीच्या झडपा दांड्यावर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर असाव्यात, म्हणजे झोत अंगावर येत नाही. झडपांनाही तीच जाळी. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा 3-4 इंच पसरा. वास तपासायचा तर उभ्याने नको, गुडघ्यांवर बसून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर तूस ओलं आहे. बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याखालचं. ते काढून कोरडं घाला आणि भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगा.

बसायचा दांडा 2 इंच रुंद, कडा घासलेला, दर कोंबडीला 8 ते 10 इंच. तो अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंचच हवा, यात तडजोड नको! कोंबडी रात्री सर्वांत उंच जागा शोधते. खोकी वर असली तर ती तिथेच झोपते, तिथेच विष्ठा टाकते आणि सकाळी अंडी माखलेली मिळतात.

खोकं 12 इंच लांब-रुंद-उंच, पुढे 4 इंची पट्टी, 4-5 कोंबड्यांत एक. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

16 आठवड्यांच्या तलंगांना लगेच लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नका. त्यात साधारण 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम असतं. अंडं सुरू होण्याच्या बऱ्याच आधी दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. 18 व्या आठवड्याच्या सुमारास हळूहळू बदला. पुढे रोज दर कोंबडीला 110-120 ग्रॅम लागतं.

आल्यावर पहिला आठवडाभर बाहेर सोडू नका, म्हणजे संध्याकाळी कुठे परतायचं ते त्यांना कळतं. खाली झोपल्या तर अंधार पडल्यावर उचलून दांड्यावर बसवा.