टाकीची वही: चौदा महिने, एकोणतीस टाक्या

मंडळी, दर वेळी टाकी फुल केली की मी किती पेट्रोल बसलं ते वहीत लिहितो. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा वहीत अकरा टाक्या होत्या आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता: पेट्रोल कमी झाल्याचा दिवा लागल्यावर टाकीत नेमकं किती उरतं? आता उत्तर देता येईल इतके आकडे जमलेत.

गाडी तीच, 2019 ची 1.2 पेट्रोल हॅचबॅक, कागदावर टाकी 37 लिटरची. रस्ताही तोच. कासारवडवलीहून घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोडने महापे, आठवड्यातून चार दिवस.

पद्धत एकदा नीट सांगतो, कारण आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर आधी ती कळायला हवी. पंप एकच, मशीन एकच, गाडी त्याच जागी त्याच दिशेला तोंड करून उभी. नोझल पहिल्यांदा ‘खट्’ करून सुटलं की तिथेच थांबायचं. पंपावरचे दादा सुरुवातीला दर वेळी विचारायचे, “राउंड फिगर करू का?” आता ते स्वतःच नोझल काढून मीटर दाखवतात आणि मी वही उघडायची वाट बघतात.

हे थांबणं फक्त हिशेबासाठी नाही. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल तिथपर्यंत चढलं की त्यातून हवा ओढली जायची थांबते आणि आतला खटका सुटतो. त्यानंतर दाबून दाबून भरलेलं पेट्रोल वाफेसाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेत जातं. तिथून पुढे कोळशाचा कॅनिस्टर आहे, तो वाफ शोषायला बनवलाय, पातळ पेट्रोल प्यायला नाही. चाळीस-पन्नास रुपयांचा आकडा गोल करण्यासाठी तो भिजवू नका.

आता दिवा. सहा वेळा मी मुद्दाम दिवा लागेपर्यंत थांबलो आणि लागल्या लागल्या पंपावर गेलो. लिटर असे बसले: 31.4, 31.9, 31.2, 31.7, 30.9, 31.6. सरासरी 31.45. म्हणजे माझ्या गाडीत दिवा लागतो तेव्हा साधारण साडेपाच लिटर शिल्लक असतं. यातला 30.9 चा आकडा मला बरेच दिवस खटकत होता. मग त्या दिवसाची नोंद परत वाचली. त्या दिवशी मी गायमुखचा उतार उतरत होतो. गाडीचं नाक खाली, पेट्रोल पुढे सरकलेलं, टाकीतला फ्लोट थोडा आधीच खाली बसला आणि दिवा लवकर लागला. काटा पेट्रोल मोजत नाही, फ्लोट कुठे तरंगतोय एवढंच सांगतो. चढ-उतारावरचं रीडिंग म्हणूनच मी धरत नाही, सपाटीला आल्यावर बघतो.

उलट बाजूचा एक धडाही मिळाला. एकदा घाईत दुसऱ्या पंपावर भरलं. दिवा लागलेला नसताना 34.8 लिटर बसलं. पहिला विचार मनात आला तो मापात मारल्याचा. मी पाच लिटरच्या मापाने तपासून दाखवा म्हटलं. हा आपला हक्क आहे, प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं ते माप ठेवावंच लागतं. त्यांनी लगेच आणलं आणि पेट्रोल बरोबर रेघेवर आलं. फरक जमिनीचा होता. तिथे गाडी कलती उभी होती, त्यामुळे टाकीत नेहमीपेक्षा जास्त बसलं आणि नोझल उशिरा सुटलं. तेव्हापासून दुसऱ्या पंपाचे आकडे वहीत वेगळ्या शाईने.

एकोणतीस टाक्यांमधून मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट मात्र दिव्याची नाहीच. काटा अर्ध्यावर येतो तेव्हा माझ्या गाडीने 19.8 लिटर खाल्लेलं असतं. अर्ध्यावरून पावावर यायला जेमतेम 7.3 लिटर. पावावरून दिव्यापर्यंत सव्वाचार-साडेचार. माझं ॲव्हरेज 13.4 धरलं तर फुलवरून अर्ध्यापर्यंत 265 किलोमीटर आणि अर्ध्यावरून दिव्यापर्यंत 156! “अर्धी आहे अजून, उद्या बघू” म्हणणारा माणूस इथेच फसतो. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील. पण काटा वरच्या अर्ध्यात रेंगाळतो आणि खालच्या अर्ध्यात धावतो हे बऱ्याच गाड्यांत दिसतं, एकदा स्वतः मोजाच.

“अजून इतके किलोमीटर जाल” हा डिस्प्लेवरचा आकडा तर घोडबंदरला अजिबात धरू नका. तो मागच्या काही किलोमीटरच्या ॲव्हरेजवर चालतो. नोव्हेंबरात एका संध्याकाळी कापूरबावडीला तो 74 होता. पाऊण तासात मी तीन किलोमीटर सरकलो आणि आकडा 52 वर आला. एसी लावून उभ्या असलेल्या एवढ्या इंजिनाला तासाला साधारण लिटरभर लागतं. अंतर कापलंच जात नाही, पेट्रोल मात्र जातं. एकदाच तो आकडा जाऊन नुसत्या रेघा आल्या. तीन किलोमीटरवर पंप होता, तिथे 33.9 बसलं. म्हणजे रेघा आल्यावरही तीन लिटर होतं. पण मी ते वापरायचं पेट्रोल मानत नाही, आणि हा प्रयोग पुन्हा करणार नाही.

त्याचं कारण जुनी गाडी. तिच्यात मी वर्षानुवर्षं पाचशे-पाचशेचं टाकायचो, काटा कायम तळाशी. शेवटचे दोन महिने मागच्या सीटखालून बारीक किणकिण यायची, इग्निशन ऑन केलं की जास्त. मे महिन्यात भर दुपारी मुंब्रा बायपासच्या चढावर ती गचके खायला लागली आणि दोन कंटेनरच्या मधे बंद पडली. मेकॅनिकने सीट उचलून टाकीतला, इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप बाहेर काढला तेव्हा मी हात लावून बघितला. पटकन मागे घ्यावा लागला, इतका तापला होता. पंप अकरा वर्षांचा होता, वयाचाही वाटा असणारच. पण तो पेट्रोलमध्ये बुडलेला असतो तो गार राहण्यासाठीच, त्याला थंडावा आणि वंगण दोन्ही पेट्रोलच देतं. पातळी खाली ठेवली की तो जास्त तापतो. त्यात चढावर किंवा वळणावर पेट्रोल बाजूला सरकलं की पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं, इंजिन मिसफायर होतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाग खराब झाला तर खर्च पंपापेक्षा कितीतरी मोठा.

तळाचा गाळ ओढला जातो, हे जे सगळे सांगतात ते तेवढं खरं नाही. टाकीतला पंप टाकी फुल असतानाही तळातूनच ओढतो.

अर्धीच टाकी ठेवून वजन वाचवणाऱ्यांसाठी: पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं. अर्धी टाकी म्हणजे 14 किलो. नऊशे-साडेनऊशे किलोच्या गाडीत ते माझ्या वहीत तरी कुठे दिसलं नाही. पहाटे भरलं की जास्त मिळतं यातही दम नाही, पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

माझा नियम सध्या असा आहे. एरवी काटा पावावर आला की भरायचं, म्हणजे साधारण दहा लिटर हाताशी राहतं. जून ते सप्टेंबर अर्ध्यावर. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की ऐरोलीकडून फिरून यावं लागतं आणि त्या दिवशी सगळं ठाणं त्याच रस्त्यावर असतं. लांब निघायचं असेल तर आदल्या रात्री फुल. अटल सेतू 21.8 किलोमीटरचा आहे, वर पंप नाही आणि थांबायला परवानगी नाही. एक्सप्रेसवेवर बोरघाट चढताना ॲव्हरेज कसं कोसळतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि 2024 च्या जानेवारीचे पहिले दोन दिवस आठवा. ट्रकचालकांचा संप झाला आणि पंपांवर रांगा रस्त्यापर्यंत आल्या. माझा काटा तेव्हा दिव्याजवळ होता. दीड तास रांगेत उभा राहिलो, माझ्या मागच्या रिक्षावाल्या काकांचं सीएनजी संपत आलेलं आणि तिथे फक्त पेट्रोल-डिझेल. ते निघून गेले, पुढे कुठे मिळालं असेल देव जाणे.

पुढचं काम ई-20 चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून आता अंदाजावर न जाता पावसाळा आणि हिवाळा असे दोन वेगळे तक्ते करतोय. एसी बंद ठेवून आठ टाक्या झाल्या की इथे टाकेन. तोपर्यंत 37 लिटरच्या टाकीवाल्यांनी आपापल्या अर्ध्या काट्याचे लिटर पाठवा. फक्त पहिल्या ऑटो कटचे, आणि जमीन सपाट असेल तरच.

आजची नोंद: टाकी 29, ट्रिप 364 किलोमीटर, काटा पावावर, 27.1 लिटर, ॲव्हरेज 13.4. राउंड फिगर नाही.