तपकीर गल्लीतली दुपार

लेकीसाठी कॉम्प्युटर घरीच जुळवायचा म्हणून आज पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. गाडी लावायला अर्धा तास, तो वेगळाच.

"गेमिंग करणार का?" दुकानदाराने विचारलं.
"नाही हो, अभ्यास आणि थोडं कोडिंग."
"मग ग्राफिक्स कार्ड कशाला काका? रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या, ग्राफिक्स त्यातच आहे."

झालं! महिनाभर घोटलेली यादी निकालात. रॅमही १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८च्या दोन घेतल्या. प्रोसेसरमधल्या ह्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच चालतं; दोन पट्ट्या असल्या की डेटाला दोन वाटा मिळतात. वाचलेल्या पैशांत फायली साठवायला एसएसडी आणि जरा बरा पॉवर सप्लाय. कॅबिनेटबरोबरचा स्वस्तातला नकोच म्हटलं, मागे तसल्याच एका सप्लायने मदरबोर्डासकट जीव सोडला होता.

घरी आल्यावर लेकीचा पहिला प्रश्न : "बाबा, लाइटवाले पंखे नाही आणले?"