पंपात काय काय टाकलंय?

“भाऊ, ह्याच्यात ते पण टाकून देऊ का?”

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला माझं कृषी केंद्र आहे, आणि हंगामात हा प्रश्न मी दिवसातून वीसदा तरी ऐकतो. शेतकऱ्याला एकाच पंपात सगळं उरकायचं असतं. अळीचं, बुरशीचं, वरून टॉनिक. मजुरी वाचते, त्याचंही चूक नाही. माझं उत्तर ठरलेलं. आधी बाटलीत थोडं थोडं मिसळून बघ, पंधरा मिनिटं ठेव, दुधासारखं फाटलं तर पंपात टाकू नको. नाही फाटलं तरी पिकाला सोसेलच असं नाही, म्हणून आधी विचार. एकवीस वर्षं हे सांगतोय. आणि गेल्या मार्गशीर्षात कुणालाही न विचारता माझ्याच मायच्या पोटात दोन औषधं मी एकत्र केली.

माय अडुसष्ट वर्षांची. शुगर आहे अकरा वर्षांपासून, बीपी आहे, वर कवळी आहे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की कपाशीच्या धुळीने तिला दम लागतो. यंदा डॉक्टरांनी कॅप्सूल टाकून ओढायचा पंप दिला होता, त्यात स्टिरॉइड असतं. शिवाय खोकला हटेना म्हणून पाच दिवस अँटिबायोटिकही झालं.

चंपाषष्ठीला आमच्याकडे हंगामातलं पहिलं भरीत. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. ज्या बाईने आम्हाला तिखट खायला शिकवलं, तिने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. “तोंडमा आग पडी ऱ्हायनी रे.” आम्ही म्हटलं, तोंड आलं असेल. बी कॉम्प्लेक्स दिलं, रात्री तूप लावलं, बायकोने मध लावला (शुगरच्या माणसाला मध, पण तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही). चौथ्या दिवशी तिने चहासुद्धा नको म्हटलं, तेव्हा मी मोबाइलची बॅटरी लावून तिच्या तोंडात बघितलं.

गालाच्या आतल्या बाजूला आणि जिभेवर दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसे पांढरे चट्टे. कवळी काढली तर टाळू लालबुंद, ओठांचे कोपरे चिरलेले. बोटाला ओलं स्वच्छ फडकं गुंडाळून एक चट्टा हळूच पुसला. तो निघाला, खाली लाल जागा आणि रक्ताचा एक ठिपका. तोंड आल्याचे फोड असे पुसून निघत नाहीत. बुरशी ओळखायला मला शिकवावं लागत नाही, धंदाच तो आहे.

मग सगळ्यांसारखाच मीही कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेलो. “तोंडात बुरशी आलीय.” त्याने फ्लुकोनाझोल १५० काढून दिली. रोज एक, सात दिवस. कुणासाठी, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. खरं तर ही चिठ्ठीवर द्यायची गोळी आहे, पण आपल्याकडे चिठ्ठी मागणारा दुकानदारच आगाऊ ठरतो. मी नाव वाचलं आणि उलट खूशच झालो. आम्ही केळीच्या करप्यावर मिनरल ऑइलसोबत प्रोपिकोनाझोल देतो, हे त्याच्याच कुळातलं. बुरशीच्या पेशीचा पातळ पडदा धरून ठेवणारं एक द्रव्य असतं, एर्गोस्टेरॉल. ही मंडळी ते तयारच होऊ देत नाहीत, म्हणून बुरशी वाढायची थांबते. माणसाच्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं, म्हणून आपण वाचतो. घरी येऊन हे सगळं मी मायला समजावूनही सांगितलं. दुकानातलं ज्ञान घरात आलं की माणूस जरा शेफारतो. (कुणी उठून केळीचं औषध जिभेला लावू नका. कूळ एक असलं तरी ते विष आहे.)

तीन गोळ्या बरोबर गेल्या. जळजळ कमी झाली, माय थोडी पेज प्यायली. चौथी गोळी रात्री जेवणानंतर घेतली. जेवण म्हणजे काय, दोन घास मऊ भात.

पहाटे साडेचारला बायकोने हाक मारली. माय खाटेवर बसलेली, लुगडं घामाने ओलं, डिसेंबरची थंडी आणि कपाळावरून पाणी वाहतंय. हात थरथरत होते. मी विचारलं, काय व्हयनं माय? तिने माझ्याकडे एकटक पाहिलं आणि म्हणाली, “तू कोन शे?”

हे तीन शब्द मी विसरणार नाही.

घरात शुगर बघायचं मशीन होतं, ही एक गोष्ट त्या दिवशी आमच्या बाजूने होती. ४६, म्हणजे फारच खाली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. गिळता येत होतं म्हणून पाजली. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, हे मला नंतर कळलं. पंधरा मिनिटांनी ७२. तिने मला नावाने ओळखलं, वर विचारलं, एवढ्या सकाळी चहा का नाही केला. तरीही गाडी काढली. नशीब, कारण दवाखान्यात सकाळी नऊला आकडा पुन्हा ५८ वर घसरला होता. शुगरची ती गोळी पोटात गेली की कित्येक तास काम करत राहते, त्यामुळे एकदा साखर पाजली म्हणजे सुटलो असं होत नाही. एक रात्र सलाइनवर काढावी लागली.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “आजींची सगळी औषधं आणलीत?” बायकोने दिवाळीच्या सोनपापडीचा प्लास्टिकचा डबा आणला होता, मायच्या गोळ्या त्यातच असतात. मॅडमनी तो टेबलावर सरळ पालथा केला. पाकिटं, अर्धी कापलेली पाकिटं, नाव फाटून गेलेली एक सुटी गोळी, कधीचा तरी बामही निघाला. मग त्यांनी ज्वारी निवडावी तसं बोटाने एकेक बाजूला काढायला सुरुवात केली. मी शेजारी उभा होतो, मला आमचं गोडाऊन आठवत होतं.

पहिली बाजूला काढली शुगरची, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. मेटफॉर्मिनचं इथे काही बिघडत नाही, म्हणाल्या. भांडण ग्लिमेपिराइडशी आहे. ती लिव्हरमधल्या ज्या एन्झाइमने मोडून शरीराबाहेर पडते, तेच एन्झाइम फ्लुकोनाझोल अडवून धरतं. म्हणजे गोळी रोजची एकच, पण अंगात साठत जाते आणि शुगर पाडत राहते. त्यात तोंडाच्या आगीमुळे खाणं निम्म्यावर. “तुम्ही बाहेरची मोरी बंद केलीत आणि नळ चालूच ठेवलात,” असं त्या म्हणाल्या.

दुसरी कोलेस्टेरॉलची, अॅटोरव्हास्टॅटिन. तीही अशीच साठू शकते, मग स्नायू दुखतात, क्वचित फार नुकसान होतं. तिसरी ॲसिडिटीची कॅप्सूल. ती तर मी औषधात धरतच नव्हतो, चहाच्या आधी चघळायची गोष्ट असल्यासारखी ती घरोघरी असते. तिच्यात डोम्पेरिडॉन होतं. डोम्पेरिडॉन आणि फ्लुकोनाझोल एकत्र आलं की हृदयाची लय बिघडायचा धोका असतो, ही जोडी करायचीच नाही. मग विचारत गेल्या. रक्त पातळ करायची वॉरफॅरिन? नाही. फिटची गोळी? नाही. टीबीची? नाही. कावीळ, लिव्हरचा त्रास? नाही. “बरं झालं,” म्हणाल्या. वॉरफॅरिनवाल्याला ही बुरशीची गोळी सांभाळून दिली नाही तर रक्त इतकं पातळ होतं की कुठूनही वाहू लागतं. आमच्या गल्लीत हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होऊन रक्त पातळ करायची गोळी चालू असलेले एक आप्पा आहेत. मी मनातल्या मनात त्यांच्या डब्याकडे बघितलं.

रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.५. तिच्या वयाच्या बाईला म्हणजे किडनी निम्म्याच्या आसपासच काम करतेय. आणि फ्लुकोनाझोल ८० टक्के जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडते. निरोग्या माणसातही निम्मी उतरायला ३० तास लागतात, मायसारख्यांत आणखी. म्हणून किडनी कमजोर असेल तर पहिल्या डोसनंतर रोजचा डोस निम्मा करायचा असतो. आम्ही १५० रोज देत होतो. गोळी आज बंद केली तरी पुढचे काही दिवस ती अंगात आहे असं धरून चालायचं, म्हणून घरी सोडताना दिवसातून चारदा शुगर बघायला सांगितलं.

एवढं झाल्यावर मला वाटलं, आता ही गोळी पुन्हा नाव घेण्यासारखी राहिली नाही. मॅडम म्हणाल्या, गोळी वाईट नाही, चांगलीच आहे, पण चट्टे थोडे आणि गिळायला त्रास नसेल तर आधी वरून लावायचं. क्लोट्रिमाझोलचं माउथ पेंट दिलं. दिवसातून चारदा, कवळी काढून, लावल्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. आणि बुरशी आली कुठून तेही सांगितलं. ती बाहेरून येत नाही, कँडिडा आपल्या तोंडात-पोटात आधीच असते, गुपचूप. पंप ओढल्यावर चूळ भरली नाही की स्टिरॉइड टाळूवर बसून राहतं, अँटिबायोटिकने तिला दाबून ठेवणारे जिवाणू मरतात, शुगर वाढलेली असली की तिला खाणं मिळतं. मायची तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ९.१ टक्के निघाली, म्हणजे बरीच वाढलेली. आणि कवळी ती रात्रंदिवस घालून झोपायची, कारण “चोर उना तर बोळक्या तोंडे वरडू का?”

आठ दिवसांत गाल साफ झाले, पण टाळू हटेना आणि आता घास उतरताना घशात टोचायला लागलं. तेव्हा मॅडमनी तीच फ्लुकोनाझोल पुन्हा दिली. पण या वेळी पहिल्या दिवशी १००, पुढे रोज ५०, एकूण चौदा दिवस. ग्लिमेपिराइड त्या काळापुरतं बंद करून शुगरसाठी वेगळी गोळी, कोलेस्टेरॉलची थांबवली, डोम्पेरिडॉनची कॅप्सूल डब्यातूनच काढली. मळमळ, डोकं दुखणं, पोट बिघडणं होऊ शकतं, घाबरायचं नाही. पण डोळे पिवळे, लघवी गडद, अंगावर पुरळ किंवा भोवळ आली तर गोळी थांबवून लगेच यायचं. आणि चट्टे गेले म्हणून मध्येच सोडायची नाही. हे शेवटचं वाक्य मला सांगायची गरज नव्हती. अर्ध्या डोसने बुरशी कशी कोडगी होते ते मी दर हंगामात बघतो.

मधल्या काळातली एक गोष्ट राहिली. मेडिकलमधून आणलेल्या सातातल्या तीन गोळ्या उरल्या होत्या, त्या मी फेकल्या नाहीत. पैसे दिले होते ना. संक्रांतीला बहीण आली, तिची सून सोबत. सुनेला खाली खाज आणि पांढरं जात होतं. बहिणीने कुठून तरी ऐकलेलं, १५०ची एकच गोळी घ्यायची आणि काम होतं. ते खोटं नाही, बायकांच्या त्या बुरशीला एकच डोस देतात. आणि डब्यात गोळी दिसत होती. बायको मधे पडली, कारण सूनबाईला दुसरा महिना होता आणि ते आमच्यापैकी तिलाच आठवलं. मॅडमना फोन लावला. गरोदरपणात ही गोळी पोटात घ्यायची नाही, गर्भपाताचा धोका वाढू शकतो. क्लोट्रिमाझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या मिळतात, सात दिवस, आणि आधी तपासून घ्या, दर वेळी बुरशीच असते असं नाही. सूनबाई दुसऱ्याच दिवशी तपासायला गेली. त्या तीन गोळ्या मी मेडिकलवाल्याला परत नेऊन दिल्या. पैसे मागितले नाहीत. त्याला एवढंच म्हटलं, कुणासाठी ते विचारत जा भाऊ. तो म्हणाला, तुम्ही तरी कुठे सांगितलं? बरोबरच होतं त्याचं.

आता डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवलाय, मायच्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि खाली लाल पेनाने क्रिएटिनिन. कुठल्याही कारणाने दवाखान्यात गेलो की डबा सोबत. कवळी रात्री पाण्याच्या वाटीत, सकाळी ब्रश. आणि पंप ओढल्यावर माय अंगणातल्या मोरीपाशी उभी राहून गुळण्या करते, तीनदा, इतक्या जोरात की समोरच्या काकूंनी मागे विचारलं, तुमच्याकडे मोटर बसवली का.

भरीत मात्र यंदा जवळजवळ हुकलंच. हंगाम संपता संपता भरितासाठी नावाजलेली बामणोदची वांगी मिळाली, ती मायने स्वतः भाजली, मिरच्या जरा कमी घातल्या आणि दोष माझ्यावर ढकलला.