पाच अक्षरांचं त्र्यंबकेश्वर, ३९ बाइट

नाशिकच्या द्राक्षविक्रीच्या वेबसाइटवर पत्त्यात ‘त्र्यंबकेश्वर’ येणारच. डोळ्यांना अक्षरं पाच दिसतात, पण हलन्त, अनुस्वार, मात्रा धरून युनिकोडची (सर्व लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाची) चिन्हं भरतात १३. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ही चिन्हं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे एकूण ३९. मायएसक्यूएल या डेटाबेसचा व्हारकार (मजकुराच्या कॉलमचा प्रकार) बाइट नाही, चिन्हं मोजतो, त्यामुळे १० चिन्हांचा कॉलम इथे अपुरा पडतो.

मराठी आणि ₹ मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ या कॅरेक्टर सेटमध्येही बसतात, कारण तो ३ बाइटपर्यंत जातो. ग्राहकाने द्राक्षांचा इमोजी टाकला की ४ बाइट लागतात आणि नोंद अडते. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर इमोजीपासून पुढचा मजकूर गुपचूप कापला जातो. हे जास्त वाईट. म्हणून सरळ ४ बाइटपर्यंत जाणारा ‘यूटीएफ८एमबी४’ घ्या. तो टेबलाला हवा, तसाच वेबसाइट आणि डेटाबेसमधल्या कनेक्शनलाही हवा. कनेक्शनचा हमखास विसरला जातो.

जुना डेटा बिघडला असेल तर आधी बॅकअप घ्या, मग नीट बघा. साठवलेल्या मजकुरातच ‘?????’ असेल तर मूळ अक्षरं गेली, ती पुन्हा भरावी लागतात. लॅटिन-१ (रोमन लिपीसाठीचा जुना कॅरेक्टर सेट) कॉलममध्ये ‘à¤¨’सारखा कचरा दिसत असेल तर बाइट बहुधा शाबूत असतात. तिथे कॉलम थेट यूटीएफ८एमबी४मध्ये कन्व्हर्ट करू नका, कचराच पक्का होईल. कॉलम आधी ब्लॉब (नुसते बाइट ठेवणारा प्रकार) करा, मग यूटीएफ८एमबी४चा टेक्स्ट.