पन्नास-पंचावन्न पौर्णिमा

आज दुपारी एका आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचे आमंत्रण आले. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली पत्रिका, आत कुलदैवताचे नाव, स्थळ, वेळ, आणि छापील मजकुराखाली मुलाने निळ्या पेनने लिहिलेली एक ओळ : ‘मॅडम, तुमच्यामुळे हा दिवस दिसतो आहे.’ ह्यांनी ती वाचली, ‘चला, कुणीतरी आठवण ठेवली’ म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोके घातले. मी पत्रिका आधी फ्रिजवर ठेवली, मग तिथून उचलून कपाटात साड्यांखाली सरकवली. तरी तो एक शब्द काही आत गेला नाही. तुमच्यामुळे.

माझ्यामुळे काय झाले ते मला पक्के आठवते. 2021 च्या एप्रिलचा तिसरा आठवडा होता. 18 तारखेला राज्यात एका दिवसात 68 हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडले होते आणि रुग्णांना बेड मिळवून देणाऱ्या आमच्या कोविड वॉर रूममधले फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. रात्री पावणेतीनला एका रुग्णालयातून कळवले की आयसीयूत एक बेड रिकामा झाला आहे, दहा मिनिटे धरून ठेवतो. रिकामा कसा झाला हे आम्ही कधीच विचारत नसू. फळ्यावर आमचा नियम मार्करने लिहिलेला होता : ज्याचा ऑक्सिजन कमी, त्याचे नाव वर. त्याप्रमाणे वर होता तो त्रेचाळीस वर्षांचा माणूस, सॅच्युरेशन 82. त्याच्याखाली या आजी, वय शहात्तर, सॅच्युरेशन 85. मी त्याचा नंबर लावला, तो व्यस्त लागला. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. खोलीतल्या सगळ्या लाइनी अडकलेल्या होत्या म्हणून मी माझ्या स्वतःच्या मोबाइलवरून लावत होते, आणि भिंतीवरच्या घड्याळात सहा मिनिटे गेली होती. तिसऱ्यांदा मी आजींच्या मुलाचा नंबर लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

तेव्हापासून दर दिवाळीला त्याचा शुभेच्छांचा मेसेज येतो, कारण माझा नंबर त्याच्याकडे राहिला.

त्या माणसाचा फोन का व्यस्त होता, हे मला त्या रात्री सुचले नाही. ते सुचले दोन दिवसांनी, आंघोळ करताना. त्याच्या घरचे कुणीतरी बेडसाठीच फोन करत असणार. कदाचित आम्हालाच करत असतील, आणि आमच्या लाइनी अडकलेल्या. नंतर मी तो नंबर एकदा लावून पाहिला होता. असो.

धाकटीने त्या काळात इटलीतल्या भूलतज्ज्ञांच्या आणि आयसीयूच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2020 च्या मार्चमध्ये काढलेल्या सूचना मला वाचायला दिल्या होत्या. खाटा पुरेनाशा झाल्या तर ‘आधी येईल त्याला आधी’ हे तत्त्व सोडावे लागेल, ज्याची वाचण्याची आणि पुढे अधिक वर्षे जगण्याची शक्यता मोठी त्याला प्राधान्य द्यावे, वेळ पडली तर वयाची मर्यादाही घालावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. वाचताना मला ते फार निष्ठुर वाटले होते आणि आपण असे करणार नाही, याचा थोडा अभिमानही वाटला होता. आज हिशेब मांडला तर आमच्या फळ्याप्रमाणे बेड त्याचा, इटलीच्या कागदाप्रमाणेही त्याचाच. आजींच्या बाजूने एकच गोष्ट होती, ती म्हणजे मुलाचा फोन मोकळा होता. यात माझी निष्ठुरता नव्हती आणि दयाही नव्हती. मग ‘तुमच्यामुळे’ हा शब्द मी कुठे ठेवू?

साठच्या दशकात अमेरिकेत सिॲटलला डायलिसिसची यंत्रे मोजकीच होती, तेव्हा ती कुणाला मिळावीत हे ठरवायला सात जणांची समिती नेमली होती. त्यात एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकवाला आणि चक्क एक गृहिणी होती. रुग्णाला मुले किती, मिळकत किती, तो चर्चमध्ये जातो का, असलेही तोलले जात असे, आणि त्याबद्दल त्यांना नावे ठेवली गेली ती योग्यच. शेवटी उपाय निघाला तो यंत्रांवर पैसा ओतूनच. 1972 मध्ये कायदा करून डायलिसिसचा बहुतेक खर्च सरकारने उचलला. पण त्या गृहिणीचा मला हेवा वाटतो. तिच्यासमोर निदान कागद होता, बसायला खुर्च्या होत्या, बोलायला आणखी सहा जण होते. मला चौथीचे गणित शिकवायची सवय, दहा मिनिटे, आणि एक व्यस्त लागणारा फोन. पुढे सगळ्यांना मिळाले तसे मलाही ‘कोविड योद्धा’ असे लिहिलेले प्रमाणपत्र मिळाले. ते मिक्सरच्या वॉरंटी कार्डाबरोबर ड्रॉवरमध्ये आहे. वॉरंटी संपली आहे.

गणिताचीच खोड, म्हणून संध्याकाळी बोटांवर मोजले. त्या रात्रीपासून आजपर्यंत पौर्णिमा झाल्या पन्नास-पंचावन्न. आजींच्या हजारातल्या तेवढ्या त्या बेडवरच्या. त्या माणसाच्या त्या रात्रीपर्यंत पाचशे तीसच्या आसपास झाल्या होत्या. पुढच्यांची मोजणी माझ्याकडे नाही, कारण आमच्या वहीत ‘पुढे काय झाले’ असा रकानाच नव्हता. पण आजींनी या पन्नास-पंचावन्न पौर्णिमा कुणाच्या हिसकावून घेतलेल्या नाहीत. त्या बिचाऱ्या त्या रात्री शुद्धीवरही नव्हत्या. माझ्या घशात अडकले म्हणून त्यांच्या घरचा जिलबीचा बेत बिघडवण्याचे मला काय कारण?

म्हणून रात्री जेवणे झाल्यावर मुलाला फोन केला. त्याने याही वेळी पहिल्याच रिंगला उचलला. ‘पाने किती धरू, मॅडम?’ त्याने विचारले. मी जरा घुटमळले, तर घाईघाईने म्हणाला, ‘कितीही जण या, हॉल मोठा घेतलाय. जागेची काही अडचण नाही.’

दोन, असे सांगितले.