आधी मुळं बघ

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी जड धातूंचा विषय घेतला तेव्हा डोक्यात सगळं सरळ होतं. मोहरीची रोपं पोषणद्रावणात वाढवायची, काही भांड्यांत शिसं घालायचं, काहींत कॅडमियम, आणि पानं कधी पिवळी पडतात ते टिपून ठेवायचं.

पहिल्या खेपेला फक्त शिसं घेतलं. दहा दिवस झाले तरी रोपं तरतरीत. वहीत मी ‘मोहरी शिसं सहन करते’ असं लिहूनही टाकलं. भांडी रिकामी करताना तळाशी पांढरा साका दिसला, पिठासारखा बारीक. पोषणद्रावणात फॉस्फेट आणि सल्फेट असतंच. शिशाशी गाठ पडली की त्यांचे न विरघळणारे क्षार होऊन खाली बसतात. म्हणजे मुळांच्या वाट्याला शिसं फारसं आलंच नव्हतं. वहीतल्या त्या ओळीवर मी रेघ मारली आणि शेजारी कारण लिहिलं. मातीतही हेच चालतं. एकूण धातू किती आणि त्यातला झाडाला मिळण्याजोगा किती, हे दोन निराळे आकडे. माती आम्लधर्मी झाली की कॅडमियम आणि जस्त जास्त सुटं होतं, त्यामुळे एकूण आकडा सारखा असूनही एका मातीत झाड तगतं आणि दुसऱ्या मातीत खुरटतं.

मग कॅडमियम क्लोराइड, 100 मायक्रोमोलर. लिटरला साधारण 18 मिलिग्रॅम, चिमटीत धरायलाही पुरणार नाही इतकं. तिसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं, “पानं अजून हिरवीच आहेत.” त्यांनी विचारलं, “आणि मुळं?” मुळं मी पाहिलीच नव्हती. “आधी मुळं बघ,” एवढंच म्हणून त्या तासाला गेल्या.

साधं आणि कॅडमियममधलं अशी दोन रोपं पांढऱ्या ट्रेमध्ये शेजारी ठेवली. साध्या रोपाचं मूळ लांब, पांढरंशुभ्र. दुसऱ्याचं आखूड, टोकाकडे तपकिरी. दोन्ही टोकं इव्हान्स ब्लूमध्ये बुडवून धुतली. जिवंत पेशी हा रंग आत येऊ देत नाहीत. जिचं आवरण फाटलं तिच्यात तो शिरतो. सूक्ष्मदर्शकाखाली साधं मूळ जवळजवळ कोरं होतं. कॅडमियमचं मूळ टोकाला गर्द निळं, आणि नेमकं जिथे पेशी विभागून मूळ पुढे सरकतं तिथेच. वर पानं हिरवी आणि खाली हे! बराच वेळ मला तिथून उठवेना.

कॅडमियमचा मोहरीला काडीचाही उपयोग नाही. तरी ते आत जातं, कारण लोह आणि जस्त आत घेणाऱ्या वाहक प्रथिनांना ते परकं वाटत नाही. लोहाच्याच दाराने येऊन ते लोहाची वाट अडवतं. पुढच्या आठवड्यात कोवळी पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. लोह कमी पडल्याची हुबेहूब खूण. भांड्यात काय घातलंय ते ठाऊक नसतं, तर मीही लोहाचाच डोस दिला असता.

रोप गप्प बसत नाही, हे मला या कामातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. पेशीत असणारे ग्लुटाथायोन हे गंधकयुक्त छोटे रेणू जोडून ते फायटोकिलेटिन नावाच्या छोट्या साखळ्या बनवतं. त्यांतलं गंधक कॅडमियमला घट्ट धरतं आणि सगळं गाठोडं पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे तिच्या साठवणीच्या कप्प्यात, कोंडलं जातं. पण हेच ग्लुटाथायोन ऑक्सिजनच्या घातक रूपांपासून पेशीला वाचवत असतं. ते इकडे खर्ची पडलं की तिकडे पेशीची आवरणं उघडी पडतात. वाढ खुंटलेलं रोप मला तोवर नुसतं आजारी वाटायचं. त्याच्या आत इतकी झटापट चालू असते हे कळल्यावर ती रोपं फेकून देणं जड गेलं.

धातू मोजताना आणखी एकदा अडले. पहिल्या नमुन्यांत मुळांचा आकडा इतका फुगला की मॅडमनी लगेच विचारलं, “कशाने धुतलीस?” साध्या पाण्याने. बाहेरून चिकटलेला धातू पाण्याने निघत नाही, त्यासाठी मुळं इडीटीए या धातूला पकडणाऱ्या रसायनाच्या द्रावणात ठेवावी लागतात. या प्रयोगाला हात घालणाऱ्याने ही पायरी मुळीच गाळू नये. पुन्हा रोपं वाढवली, नीट धुतली, वाळवली, आम्लात पचवली आणि अणुशोषण यंत्रावर, म्हणजे धातू किती प्रकाश शोषतो त्यावरून त्याचं प्रमाण सांगणाऱ्या यंत्रावर, कॅडमियमच्या 228.8 नॅनोमीटर तरंगलांबीला वाचली. मुळांचा आकडा खाली आला, तरी तो पानांच्या कितीतरी वर होता. बहुतेक कॅडमियम मुळांनी स्वतःकडेच अडवून धरलं होतं.

तिसऱ्या खेपेसाठी नवी वही आखली. पहिला रकाना मुळांचा, पानांचा त्याच्यानंतर.