यूके व्हिसाचे 28 दिवस आणि पप्पांचं पासबुक

सप्टेंबर 2025 च्या इनटेकला मी यूकेला मास्टर्ससाठी आले. व्हिसा कसा मिळाला असं कुणी विचारलं की मला अजून पप्पांचं पासबुकच आठवतं. ऑफर, कॅस (विद्यापीठाकडून मिळणारा प्रवेश-निश्चितीचा नंबर), ऑनलाइन फॉर्म सगळं सुरळीत झालं, अडकलं ते पैसे दाखवण्यात.

कोर्सची उरलेली फी आणि वर राहण्याचा खर्च, लंडनबाहेर तेव्हा महिन्याला 1,136 पौंड म्हणजे 9 महिन्यांचे 10,224, एवढी रक्कम सलग 28 दिवस खात्यात पाहिजे (आता आकडा वाढलाय, सरकारी साइटवरच बघा). एक दिवस जरी कमी पडली तरी मोजणी पहिल्यापासून. आम्ही पप्पांच्या खात्यात 12 मेपासून मोजायला धरलेलं. 2 जूनला, 22 व्या दिवशी, पप्पांनी उसाच्या खतासाठी त्याच खात्यातनं 40 हजार काढले, दोन दिवसांत परत भरले पण. पासबुक छापून आणलं तेव्हा ती ओळ दिसली आणि माझ्या पोटात गोळाच आला. पप्पा काही बोलले नाहीत, चष्मा काढून ती ओळ परत परत बघत बसले. चूक माझी होती, या खात्याला हातच लावायचा नाही हे मी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं.

मग 4 जूनपासून परत, 1 जुलैला 28 पूर्ण. स्टेटमेंटवर पप्पांचं आडनाव अर्धंच छापून यायचं म्हणून बँकेचं लेटर घ्यायचं ठरवलं आणि तिथं माझा जीव गेला. खातं गावाकडच्या शाखेत, कोल्हापुरातनं एसटीनं तासभर. पहिल्या लेटरमध्ये फक्त त्या दिवसाचा बॅलन्स, 28 दिवसांचा उल्लेखच नाही. मी सांगितलं तर, "बॅलन्स आहे की, अजून काय पाहिजे?" दुसऱ्यात तारखा बरोबर पण पप्पांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं. तिसऱ्या वेळी सही करणारे साहेबच रजेवर. चौथ्या खेपेला मी मजकूर स्वतः टाइप करून पेनड्राइव्हवर नेला, अर्ध्या तासात शिक्क्यासकट हातात. हे पहिल्याच दिवशी करा, खरंच सांगते.

आणि हो, खातं आईवडिलांचं असेल तर तुमचा जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं, नावं सगळीकडे सारखी आहेत का बघून घ्या. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या आधी 31 दिवसांच्या आतली पाहिजे. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून लाखभर जास्तच ठेवा. टीबी टेस्ट यूके सरकारच्या यादीतल्या क्लिनिकमध्येच होते, ती मे महिन्यातच उरकली तर बरं, सर्टिफिकेट 6 महिने चालतं. हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आधीच भरायचे पैसे) तेव्हा वर्षाला 776 पौंड, पण व्हिसा कोर्सपेक्षा थोडा जास्त मिळतो म्हणून मला दीड वर्षाचे 1,164 भरावे लागले, शिवाय व्हिसा फी 524 वेगळी.

बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो, पुण्यात, पहाटेच्या एसटीनं गेलो, दहा मिनिटांत झालं. पप्पा बाहेर फाइल छातीशी धरून उभे होते. तीन आठवड्यांच्या आत मेल आला. पप्पांनी त्याच दिवशी खतवाल्याची राहिलेली उधारी भागवली, त्याच खात्यातनं.